सात वाजताचं कुलूप

दोनाडकर गुरुजींच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं कुरखेडा तालुक्यात बोललं जायचं. बोलणारे बहुतेक वेळा दोनाडकर गुरुजीच असायचे.

कुरखेड्यापासून डांबरी रस्ता सोडून आत शिरलं, की साताठ किलोमीटरवर भिवरटोला लागतं. साठ-सत्तर घरं, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या पाळीला लागून मोहाची जुनी झाडं, आणि रस्त्याच्या अलीकडे जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी मिळून एकतीस पोरं आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी दिव्यानी मॅडमकडे. त्यांचं वय सत्तावीस आणि नोकरीचं दुसरं वर्ष. तिसरी ते पाचवीची एकोणीस पोरं गुणवंतराव दोनाडकरांकडे. त्यांना निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. नोकरी तेहतीस वर्षांची आणि गर्व त्याहून जुना.

या तेहतीस वर्षांत गुरुजींना एकही पुरस्कार मिळाला नव्हता. तालुक्याचा नाही, जिल्ह्याचा नाही, गावच्या गणेश मंडळाचासुद्धा नाही. त्यांच्या मागून नोकरीला लागलेल्या पोरासोरांनी 'आदर्श शिक्षक' म्हणून शाली घेतल्या आणि गुरुजी टाळ्या वाजवत बसले. जाता जाता एकदा तरी दहा माणसांनी आपला वर्ग पाहावा आणि 'याला म्हणतात मास्तर' असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. इच्छा वाईट नव्हती. ती पुरी करायला त्यांनी जो मार्ग धरला, त्याची ही गोष्ट आहे.

गुरुजी मूळचे सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यातले. वडील भात संशोधन केंद्रावर रोजीनं जायचे. गावच्या शाळेत तेव्हा एक उंचच उंच मास्तर होते. ते रस्त्यानं दिसले तर पोरं नालीत उड्या टाकायची. गुणवंताच्या मनावर त्याचा भारी परिणाम झाला. दुसरा कोणी असता तर त्यानं ठरवलं असतं, की आपण मोठं झाल्यावर असं वागायचं नाही. गुणवंतानं ठरवलं, की आपणही असं व्हायचं, की लोकांनी नालीत उड्या टाकल्या पाहिजेत.

या मास्तरांचा एक किस्सा गुरुजी लग्नात, बारशात, बदलीच्या निरोपात, मिळेल तिथं सांगायचे. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. पहाटे उठून आईबरोबर भाताच्या रोपांच्या पेंढ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, नेऊन टाकायच्या आणि मग शाळेत पळायचं. एक दिवस उशीर झाला तर मास्तरांनी दाराशी खड्यांवर गुडघे टेकवून दुपारपर्यंत बसवलं. दुसऱ्या दिवशी बांधीतून मान वर करून पाहिलं तर ऊन चढलेलं. "मी म्हटलं, आता गेलो तर मेलो! नाही गेलो. तिसऱ्या दिवशी नाही गेलो. आठ दिवस शाळाच बुडवली! धाक म्हणजे काय, ते विचारा!" असं म्हणून गुरुजी मांडीवर थाप मारायचे, आणि ऐकणारे हसायचे. सगळ्यांना किस्सा पाठ होता आणि कुठं हसायचं तेही पाठ होतं.

नोकरीची पहिली वर्षं गुरुजींनी छडीवर काढली. पुढे पोरांवर हात उगारायचा नाही असा कायदा आला, तेव्हा ते महिनाभर सुतकात असल्यासारखे वागले. छडी गेली तर मास्तराजवळ राहिलं काय, हा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता. शिकवणं राहिलं, असं त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनाही सुचलं नाही. त्यांना सुचली ती नावपाटी.

फळ्याच्या शेजारी एक हात लांबीची काळी पाटी ठोकली. बोलला, त्याचं नाव पाटीवर. हसला, त्याचं नाव पाटीवर. शेजाऱ्याला खोडरबर मागितला, तर दोघांची नावं पाटीवर. नाव चढलं की मधली सुट्टी बंद. लिहायला मॉनिटर ठेवला किराणा दुकानवाल्याचा पोरगा आदेश, कारण तो पहिल्या रांगेत बसायचा आणि गुरुजींची गाडी पुसायचा. आदेशनं आठ दिवसांत व्यवहार ओळखला. हिवाळ्यात मूठभर बोरं दिली की नाव पुसलं जाऊ लागलं आणि उन्हाळ्यात पाच पिकली टेंभरं. ज्याच्या खिशात काही नाही, तो न बोलताही पाटीवर चढायचा. कुंपणच शेत खात होतं आणि गुरुजी टेबलाशी बसून त्या कुंपणाचं कौतुक करत होते.

त्यांच्या भात्यात आणखीही बाण होते. मागच्या बाकावरून कोणी टिटवीचा आवाज काढला, की गुरुजी अख्ख्या वर्गाला अर्धा तास उभं करायचे. अठरा जण न केलेल्या गुन्ह्यासाठी उभे राहायचे आणि एकोणिसावा मनातल्या मनात पुढच्या टिटवीची तयारी करायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. शिवाय रोज एकदा "टीसी हातात देईन" ही धमकी असायचीच. तेहतीस वर्षांत त्यांनी रागानं एकही टीसी दिली नाही, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत होतं.

तिसरीत नंदिनी नावाची पोरगी होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अंजनाबाईची नात. घरी ही पोरगी कोंबड्यांशी बोलायची, बकरीशी बोलायची, आजी चुलीशी असली तर चुलीशी बोलायची. वर्गात आली, की तिचं तोंड मिटायचं. पहिल्याच आठवड्यात ती न विचारता काही बोलली होती आणि नाव पाटीवर चढलं होतं. तेव्हापासून तिनं तो विषयच संपवला. गुरुजींनी तिचं नाव 'मुकी' ठेवलं. "ए मुके, वही आण," असं म्हटलं की पुढची रांग हसायची. त्या हसण्याला मात्र पाटीवर जागा नव्हती.

अंजनाबाईनं एकदा खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता विचारलं होतं, "गुरुजी, माही पोरगी घरी त थांबत नाई बोलाची. इथीच कशी मुकी झाली जी?"

"शिस्त लागली," गुरुजी म्हणाले होते आणि खिचडीत मीठ कमी असल्याचं सांगून पुढे गेले होते.

घरची कथा फार वेगळी नव्हती. गुरुजी कुरखेड्याला राहायचे. मुलगा प्रणित पुण्यात नोकरीला. त्याचा फोन दर रविवारी आईला यायचा. तो पहिला प्रश्न विचारायचा, "बाबा जवळ आहेत का?" आहेत म्हटलं की बोलणं पाऊस आणि तब्येत यावर आटपायचं. नाहीत म्हटलं की पाऊण तास चालायचं. गुरुजींना वाटायचं, पोरगा आपल्याला किती मानतो. बायको सुगंधाबाई एकदाच म्हणाल्या, "तुमाले मानते का टाळते, ते एकदा पाहा." गुरुजींनी पेपर वर केला.

तर मार्च सरला आणि मोह गळायला लागला.

ज्यानं तो काळ पाहिला नाही त्याला सांगावं लागेल. पंधरा-वीस दिवस झाडं रात्रभर आणि सकाळी ऊन तापेपर्यंत फुलं गाळत राहतात. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावात बापजाद्यांपासून ठरलेलं असतं. फुलं पडली की वेचायची आणि वाळवून विकायची; नाही वेचली तर गाई-म्हशी खातात, रानातून आलेलं अस्वल खातं. घरातली झाडून सगळी माणसं पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. म्हाताऱ्या जातात आणि पोरंही जातात, कारण वाकून वेचायला पोरांइतकी चांगली कंबर कोणाची नसते. ज्या घराला दुकान आहे ते जात नाही. भिवरटोल्यात असं घर एकच होतं, आदेशचं.

आणि नेमकी याच दिवसांत शाळा सकाळची होते. सात वाजता भरते.

भिवरटोल्याला आलेले आधीचे मास्तर या दिवसांत साडेसातपर्यंत प्रार्थना लांबवायचे आणि मुकाट्यानं दिवस काढायचे. दोनाडकर गुरुजींना हा लाचारपणा वाटला. त्यांनी कुरखेड्याहून पितळी कुलूप आणलं. सात म्हणजे सात. ठोका पडला की शाळेचं पत्र्याचं फाटक बंद, किल्ली शर्टाच्या खिशात. उशिरा आलेल्यानं आठपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभं राहायचं, आत आल्यावर नाव पाटीवर, मधली सुट्टी बंद. आणि जो आलाच नाही, त्याचं काय? त्याचं काही नाही. हजेरीपटावर 'गै' लिहायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. पोरगं का आलं नाही हे विचारायला गावात जाणं गुरुजींच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं; शिवाय पोरं कमी असली की वर्ग आणखी शांत असायचा.

पहिल्या दिवशी फाटकाबाहेर बारा पोरं उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आठ. पाचव्या दिवशी चार. दुसऱ्या सोमवारी एक, आणि मंगळवारी कोणीच नाही.

गुरुजींना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी एक मोठा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि लाल खडूनं आलेख काढला. वर नाव दिलं, 'उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणात झालेली घट'. लाल रेघ वरून अशी घसरत खाली आली होती की पाहतच राहावं. ती त्यांनी दिव्यानी मॅडमना दाखवली.

मॅडमनी जरा वेळ पाहिलं. मग हजेरीपट उघडून म्हणाल्या, "गुरुजी, उशिरा येणारे कमी झाले ते बरोबर आहे. पण हजेरीही तेवढीच कमी झाली आहे. मंगळवारी तुमच्या वर्गात सहाच मुलं होती."

"मॅडम, तुम्ही नवीन आहात," गुरुजी म्हणाले. आलेख त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर लावला.

इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण गुरुजी तो आलेख गुंडाळी करून केंद्रप्रमुखांकडे घेऊन गेले. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद असते. ती या खेपेला भिवरटोल्याला घ्या, आणि त्यात 'वर्गशिस्त' या विषयावर माझा नमुना पाठ ठेवा, अशी त्यांनी गळ घातली. केंद्रप्रमुख देवराव मेश्राम हा शांत माणूस. त्यांनी आलेख पाहिला, गुरुजींकडे पाहिलं, निवृत्तीला किती दिवस राहिले ते मनात मोजलं आणि हो म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं करून घ्यावं लागतं. आपोआप होत नाही.

परिषद शनिवारी ठरली. पाहुणे आठला येणार. शुक्रवारी गुरुजींनी जी काही पोरं होती त्यांना सांगितलं, की उद्या सगळ्यांनी यायचं, घरोघरी निरोप द्यायचा, गणवेश धुतलेला, केसांना तेल. आवाज त्या दिवशी जरा मऊ होता. मोठी माणसं बघायला येणार म्हटल्यावर गावालाही बरं वाटलं. पोरांची ऐट तर विचारू नका. कितीतरी दिवसांनी गुरुजींनी त्यांना 'या' म्हटलं होतं.

म्हणून शनिवारी पोरं रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी झाडाखाली गेली. भराभर वेचलं, टोपल्या घरी नेऊन अंगणात पसरल्या, विहिरीवर आंघोळी केल्या, तेल लावलं आणि शाळेकडे पळत सुटली. पण मोह काही गुरुजींच्या घड्याळानं गळत नाही. पोरं शाळेच्या रस्त्याला लागली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

कुलूप लागलेलं होतं. आत आदेश, त्याची बहीण उर्वशी आणि दुसरीतली दोन पोरं, अशी चार डोकी होती.

व्हरांड्यातून रस्त्याचा वळणापर्यंतचा भाग दिसायचा. दिव्यानी मॅडमना पोरं पळत येताना दिसली. "गुरुजी, आले सगळे! किल्ली द्या, उघडते."

गुरुजींचा हात खिशापर्यंत गेला. खरंच गेला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. सत्तावीस पोरं, सगळी धुतलेल्या कपड्यांत, त्यांच्यासाठी धावत येत होती; असं त्यांच्या आयुष्यात पूर्वी झालं नव्हतं. एखाद्या शहाण्या माणसानं फाटक सताड उघडलं असतं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला असता.

पण त्यांना एक कल्पना सुचली. "राहू द्या बाहेर," ते म्हणाले. "पाहुणे आले की त्यांच्यासमोर फाटक उघडू. पाऊण तास उन्हात पोरं रांगेत उभी, एक शब्द नाही, हे त्यांना प्रत्यक्ष दिसू द्या. माझा निम्मा पाठ तिथंच होईल."

"गुरुजी, आजच्या दिवस तरी..."

"आजच्याच दिवशी तर पाहिजे."

फाटक पत्र्याचं, भिंत पुरुषभर उंच. पोरं भिंतीआड गेली आणि दिसेनाशी झाली. थोडा वेळ कुजबूज ऐकू आली. फाटक एकदा हळूच हललं. मग सगळं शांत झालं.

गुरुजी व्हरांड्यात येरझारा घालत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आवाज नाही. अभिमानानं त्यांची छाती फुगली. "ऐका मॅडम," ते हळूच म्हणाले.

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर ऐका!"

"मला जरा जास्तच शांत वाटतंय, गुरुजी."

"यालाच वर्ग व्यवस्थापन म्हणतात. तुमच्या पुस्तकात नसेल."

मॅडम स्वागताचा फळा लिहायला निघून गेल्या. माणसाला समजावण्याचीही एक हद्द असते.

आठला पाच कमी असताना गाड्यांचे आवाज आले. वीस-बावीस शिक्षक, पुढे मेश्राम साहेब. गुरुजींनी टोपी सारखी केली, खाकरले, आणि फाटकाच्या आतूनच मोठ्यानं सुरुवात केली, "या साहेब, या! पाठाला इथूनच सुरुवात आहे. आपल्या शेजारी पाहा. पाऊण तासापासून सत्तावीस विद्यार्थी या उन्हात उभे आहेत आणि कोणाच्या तोंडून ब्र नाही!" असं म्हणून त्यांनी कुलूप काढलं आणि दोन्ही फळ्या झोकात उघडल्या.

बाहेर बावीस शिक्षक उभे होते. आणि एक बकरी.

"कुठं आहेत, गुरुजी?" मेश्राम साहेबांनी विचारलं. त्यांनी खरंच डावी-उजवीकडे पाहिलं.

एवढ्यात वारा फिरला आणि रस्त्यापलीकडून, बोडीच्या पाळीवरून हसण्याचा आवाज आला. सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. मोहाच्या झाडांखाली धुतलेल्या गणवेशातली सत्तावीस पोरं सकाळी घाईत राहिलेली फुलं वेचत होती. मोठ्यांनी लहानांना जवळची, सावलीतली जागा दिली होती. टोपल्या घरी राहिल्या होत्या म्हणून पोरींनी ओढण्यांच्या झोळ्या केल्या होत्या. कोणी कोणाच्या झाडाखाली शिरत नव्हतं. आणि सगळी एकाच वेळी बोलत होती.

गुरुजी तरातरा पाळीवर गेले. मागून सगळी परिषद गेली.

गुरुजी दिसले आणि झाडांखाली शुकशुकाट झाला. कोणी न सांगता पोरं ओळीत उभी राहिली आणि लहानांनी तोंडावर बोटं ठेवली. बावीस शिक्षक पाहत होते.

"काऊन रे?" गुरुजी ओरडले. पाहुण्यांसमोर वापरायची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती. "शाळेत काऊन नाई आले?"

कोणी बोलेना. नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम त्यांनीच केला होता.

"बोला ना! तोंडं शिवले का?"

मागे एक शिक्षक खोकला. मेश्राम साहेब पुढे झाले, ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका बारक्या पोरीसमोर वाकले आणि म्हणाले, "तुझं नाव काय, बेटा?"

"नंदिनी."

"आज शाळेत काऊन नाई आली, नंदिनी?"

"आलो होतो जी," नंदिनी म्हणाली. तिचा आवाज चांगला खणखणीत होता. शाळेच्या पहिल्या आठवड्यानंतर गुरुजींनी तो आज पहिल्यांदा ऐकला. "फाटक बंद होतं."

"मग थांबायचं ना तिथं."

"थांबलं त नाव लिवते. मधली सुट्टी नाई देत. उनात उभं ठेवते." तिनं जरा विचार केला, हिशेब बरोबर आहे ना ते पाहिलं. "आलंच नाई त काईच नाई होत."

"असं कोण म्हणालं तुला?"

"कोणी नाई म्हणलं. राजदीप सात दिवस नाई आला. त्याले गुरुजीनं काईच नाई म्हणलं. काऊन नाई आला, हे बी नाई विचारलं." मग तिनं गुरुजींकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "आता नाव लिवान का जी?"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. मेश्राम साहेब हसले नाहीत. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गुरुजींना म्हणाले, "चला, पाठ घ्या. पाहुणे त्यासाठीच आले आहेत."

पाठ झाला. एकोणीसच्या एकोणीस पोरं वर्गात बसली, हाताची घडी, नजर समोर. गुरुजींनी शिकवलं, प्रश्न विचारले, आणि एकही हात वर आला नाही. त्यांनी सोपे प्रश्न विचारले. गावाचं नाव विचारलं. पोरं त्यांच्याकडे पाहत राहिली. शेवटी आदेशनं उत्तर दिलं, आणि गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्या पोराकडे रागानं पाहिलं. परिषदेच्या अहवालात मेश्राम साहेबांनी एका ओळीत लिहिलं, 'पाठाच्या वेळी वर्गात संपूर्ण शांतता होती.' शब्द न् शब्द खरा होता.

घरी गेल्यावर सुगंधाबाईंनी विचारलं, "कसा झाला पाठ?"

"चांगला झाला."

"पोट्टे बोलले?"

"नाही."

"मंग काय चांगला झाला?" असं म्हणून त्या पाणी आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रणितचा फोन आला. त्यानं काय विचारलं ते गुरुजींना ऐकू आलं नाही, पण सुगंधाबाईंनी फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, तेवढ्यावरून कळलं. ते उठून अंगणात गेले. आत पाऊण तास हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता आणि ते बाहेर खुर्चीवर बसून होते. आत गेलो तर तो बंद होईल, हे त्यांना आता माहीत झालं होतं.

सोमवारी फाटकाला कुलूप नव्हतं. गुरुजी सुधारले, असं समजायची घाई करू नका. तेहतीस वर्षांची खोड तीन दिवसांत जात नाही. त्यांनी राजदीपला जवळ बोलावलं आणि जमेल तेवढ्या प्रेमानं विचारलं, "सात दिवस काऊन नाई आला रे?" राजदीप भोकाड पसरून रडायला लागला. त्याला वाटलं, नवीन शिक्षा निघाली. अंजनाबाईनं येऊन त्याला गप्प केलं. गुरुजींनी नावपाटी पुसली, तर आदेशनं विचारलं, "आता मी काय करू जी?"

एक मे रोजी निकाल आणि गुरुजींचा निरोप एकाच मांडवात उरकला. गावानं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सरपंच बोलले, दिव्यानी मॅडम दोन शब्द बोलल्या, मेश्राम साहेबांनी वक्तशीरपणाचं कौतुक केलं. मग बरोबरीचे शिक्षक ओरडू लागले, "गुरुजी, तो रोवणीचा किस्सा! शेवटचा एकदा!"

गुरुजी उभे राहिले. समोर सतरंजीवर पोरं, पहिल्या ओळीत नंदिनी. मागे बायांत सुगंधाबाई.

त्यांनी सुरुवात केली. रोवणी, पहाट, आई, पेंढ्या, दाराशी खडे. सगळं नेहमीसारखं. "दुसऱ्या दिवशी मान वर करून पाहिलं तर ऊन चढलेलं. मी म्हटलं, आता गेलो तर मेलो. नाही गेलो. तिसऱ्या दिवशी नाही गेलो. आठ दिवस..." इथं ते थांबले. मांडीवर थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला. पन्नास वर्षं ते हा किस्सा सांगत होते आणि तो मास्तरांचा आहे असं समजत होते. ते नंदिनीकडे पाहून म्हणाले, "आठ दिवस मी शाळेत गेलो नाही. आणि काऊन नाई आला, असं मले कोणी विचारलं नाई."

मांडव खदखदून हसला. इथंच हसायचं असतं, हे सगळ्यांना पाठ होतं. नंदिनी हसली नाही. गुरुजी खाली बसले आणि मांडीवर घेतलेल्या घड्याळाचा खोका उगाचच उघडत राहिले.